कुंपणावरची हॉपची वेल

भांगेला एक चुलत बहीण आहे, हे आपल्या माळव्यात फारसे कुणाला ठाऊक नसते. उज्जैनीस महाकालाचा भांगेने शृंगार करणाऱ्या या मुलखाला भांगेची ओळख करून द्यावयास नको. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्याच कुळात गणलेली हॉप नावाची वेल आपल्या बागांत कधी दिसली नाही. दोघींची पाने शेजारी ठेवली तर नाते पटकन ओळखू येत नाही. फुलोऱ्याला बोट लावून ते नाकाशी नेले म्हणजे मात्र ओळखू येते. भांगेची नशा हॉपमध्ये नाही. तिच्यात आहे तो कडूपणा, चिकट राळ, उग्र सुगंध आणि किंचित गुंगी आणण्याचा गुण. जुन्या काळी इंग्लंडात झोप न येणाऱ्या माणसाच्या उशीत कापसाबरोबर हॉपची वाळलेली बोंडे भरीत असत.

जगाला हॉप माहीत आहे ती बिअरमुळे. मोड आलेल्या जवाचा गोड काढा आंबवून बिअर होते आणि त्या काढ्याला कडूपणा, सुवास व टिकाऊपणा देते ती हॉप. बिअर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोठा कारखाना, पोलादी टाक्या आणि अबकारी खात्याचा शिक्का उभा राहतो. परंतु इंग्लंड-अमेरिकेत गेल्या काही दशकांत असंख्य गृहस्थांनी परसातल्या कुंपणावर हॉपची वेल चढवली आहे आणि भाद्रपदाच्या सुमारास तिची बोंडे तोडून ते स्वयंपाकघरातल्या पातेल्यात बिअर शिजवितात. त्यांचा हा खटाटोप पाहून कुणाला तो श्रीमंतांचा रिकामटेकडा छंद वाटेल. थोडा तसा तो आहेही. परंतु या छंदामागे सहा-सातशे वर्षांचे एक भांडण आहे. घरातल्या चुलीवर काय शिजवावे हे घराने ठरवावे, बाजाराने ठरवावे की सरकारने, असे ते भांडण. आणि गंमत अशी की, जी हॉप आज बिअरला घरी परत आणीत आहे, तिनेच एके काळी बिअरला घराबाहेर काढण्यास हातभार लावला होता.

हॉपच्या आधीही युरोपात जवाचे पेय होतेच. त्यात निरनिराळ्या रानवनस्पती घालीत. आपल्या दवण्याच्या कुळातली एक कडवट वनस्पती त्यांत असे. दलदलीत वाढणारी सुगंधी झुडुपे असत. हॉपचा वापर प्रथम मठांच्या कागदपत्रांत दिसतो. फ्रान्समधील कोर्बी येथील मठाधिपती आदलहार्ड याने ८२२ साली मठाच्या व्यवस्थेचे जे नियम लिहिले, त्यांत हॉप गोळा करण्याचा उल्लेख आहे. पुढे बाराव्या शतकात जर्मनीतील विदुषी जोगीण हिल्डेगार्ड हिने हॉपमुळे पेये नासत नाहीत असे नमूद केले. १५१६ साली बव्हेरियाच्या सरदारांनी तर कायदाच केला, की बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. यीस्टचे नाव त्यात नाही, कारण तो जीव आहे हे कुणाला माहीतच नव्हते. मागच्या खेपेचा तळाचा गाळ पुढच्या खेपेत घालावयाचा, एवढे लोकांना कळत होते. आपल्या आया-आज्यांना विरजणातल्या जंतूंचे नाव तरी कुठे ठाऊक होते? पण त्यांचे दही काही बिघडत नव्हते.

इंग्लंडात हॉप उशिरा पोचली. तेथे बिनहॉपचे जवाचे पेय होते, त्याला एल म्हणत, आणि ते करणे हे बायकांचे काम होते. भाकरी भाजावी तसे एल करावे. बिनहॉपची एल चार-आठ दिवसांत आंबट होई. म्हणून ती दर आठवड्याला थोडी थोडी करावी लागे आणि दूरच्या गावी नेऊन विकण्याजोगी नसे. घरची गरज भागून उरली की दारावर एक काठी नाहीतर झाडाची डहाळी बांधावयाची. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळे, की आज या घरी एल ताजी आहे. विधवा, एकट्या बायका, मजुरांच्या बायका यांना या धंद्याने चार पैसे मिळत. इंग्रजी आडनावांत आजही ‘ब्रूस्टर’ सापडते. त्याचा मूळ अर्थ एल करणारी बाई.

चौदावे शतक संपता संपता पलीकडच्या नेदरलंडातून हॉप घातलेली बिअर इंग्लंडच्या बंदरांत उतरू लागली. सोळाव्या शतकात केंट परगण्यात हॉपचे मळे उभे राहिले आणि १५७४ साली रेजिनाल्ड स्कॉट या केंटच्याच गृहस्थाने हॉपच्या लागवडीवर इंग्रजीतले पहिले पुस्तक चित्रांसह छापले. हॉपमधील कडू द्रव्ये पेय आंबट करणाऱ्या जंतूंना वाढू देत नाहीत. त्यामुळे बिअर महिनोन्महिने टिकू लागली. टिकू लागली म्हणून साठवता येऊ लागली. साठवता येऊ लागली म्हणून मोठी भांडी, तळघरे, पिंपे, घोडे, गाड्या आणि या सगळ्यासाठी भांडवल लागू लागले. भांडवल व कर्ज मिळविणे बायकांना कठीण. १६०० पर्यंत लंडनसारख्या शहरांत हा धंदा बहुतांशी पुरुषांच्या हाती गेला. ज्युडिथ बेनेट या इतिहासकार बाईंनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या स्थित्यंतराचा जो शोध घेतला आहे, तो वाचण्यासारखा आहे. सगळा दोष हॉपचा नव्हता, हे उघडच आहे. वाढती शहरे, नगरपालिकांचे नियम, लष्कराच्या मोठ्या मागण्या, सगळेच त्यात होते. पण टिकाऊपणा हा गुण एखाद्या वस्तूला लाभला, की ती घरातून निसटून बाजाराच्या हाती जाते. आपल्या लोणच्या-पापडांचे तरी आज दुसरे काय झाले आहे?

तरीही खेड्यांतून आणि वाड्यांतून घरची बिअर चालू राहिली. जवाचा पहिला काढा काढून घेतला, की त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून दुसरा, पातळ काढा काढीत. त्याची सौम्य बिअर गडी-माणसे आणि पोरेसुद्धा पीत. मग सरकारला तिच्यात उत्पन्न दिसू लागले. १७११ पासून हॉपवर पौंडामागे एक पेनी कर बसला आणि विक्रीच्या बिअरमध्ये हॉपऐवजी दुसरे कडू पदार्थ घालण्यास बंदी झाली. तो कर १८६२ पर्यंत होता. जवाच्या माल्टवर वेगळा कर होताच. विल्यम कॉबेट या फटकळ लेखकाने १८२१-२२ साली मजुरांच्या घरसंसारावर एक पुस्तक लिहिले, त्यात पहिला मान घरच्या बिअरला दिला आणि चहाला भरपूर शिव्या दिल्या. चहा माणसाला दुबळा करतो, बायकांचा वेळ आणि नवऱ्यांचा पैसा खातो, आणि मजूर चहाकडे वळला याला कारण माल्ट व हॉपवरचे कर, असे त्याचे म्हणणे. चहावरची त्याची टीका इंदूरच्या सराफ्यात कुणी ऐकून घेणार नाही. पण करांविषयी तो बोलला ते खोटे नव्हते.

१८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढला व तो तयार होणाऱ्या बिअरवर घातला. त्याबरोबर घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घेणे भाग पडले. काहींनी तो घेतला, काहींनी चोरून केली, बहुतेकांनी सोडून दिली. घरातली भांडी माळ्यावर गेली. तब्बल ८३ वर्षांनी, १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती परवान्याची अट रद्द केली. घरी करा, घरच्यांना व मित्रांना पाजा, पण विकू मात्र नका, असा नियम राहिला. इतक्या वर्षांत शिकविणारी पिढी निघून गेली होती. आजीकडून नातीला मिळणारी विद्या लोकांना पुस्तकांतून शिकावी लागली.

याच सुमारास केंटमधले आणखी एक जग मावळत होते. तेथील हॉप तोडण्यास दर वर्षी सप्टेंबरात लंडनच्या पूर्व भागातली गरीब कुटुंबे हजारोंनी जात. नवरे शहरात कामावर, आणि बायका, म्हाताऱ्या, पोरे मळ्यावरच्या झोपड्यांत तीन-चार आठवडे राहत. त्यांची ती वर्षाची हवापालट आणि तीच कमाई. जॉर्ज ऑर्वेल १९३१ साली त्यांच्यात जाऊन हॉप तोडून आला व १९३५ च्या आपल्या एका कादंबरीत त्याने ते जीवन घातले. हॉपच्या काटेरी केसांनी हात सोलवटतात, राळेने काळे पडतात, आणि मोबदला मात्र तोकडा, हे त्याने आडपडदा न ठेवता सांगितले. १९५० नंतर तोडणीची यंत्रे आली आणि एका दशकात त्या झोपड्या ओस पडल्या.

अमेरिकेची कथा निराळी आहे आणि काही बाबतींत अधिक टोचणारी. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो येथील वाड्यात त्यांची पत्नी मार्था बिअर करून घेत असे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात, म्हणजे १७७२ मध्ये, सुमारे १७० गॅलन झाली. तिच्या हिशेबाच्या वहीत हॉप विकत घेतल्याच्या नोंदी आहेत, आणि विकणारे होते तिचेच गुलाम. दिवसभर मालकाच्या शेतात राबून उरलेल्या वेळात ते आपल्या झोपडीमागे हॉप लावीत. एका नोंदीत सात पौंड हॉपच्या बदल्यात एक जुना सदरा दिल्याचे लिहिले आहे. ज्याचे स्वतःचे शरीर स्वतःच्या मालकीचे नाही, त्याच्या कुंपणावरची वेल मात्र त्याची! पुढे १८१३ च्या सुमारास याच वाड्यावर पीटर हेमिंग्ज हा गुलाम एका इंग्रज जाणकाराकडून बिअरची विद्या शिकला आणि त्या भागात नावाजला. मॉन्टिसेलोच्या बिअरचे कौतुक करणाऱ्याने ती कोण करीत होते हे विसरू नये.

१९२० ते १९३३ पर्यंत अमेरिकेत दारूबंदी होती. त्या काळात दुकानांतून हॉप घातलेला माल्टचा पाक डब्यांत उघड विकला जाई. डब्यावर लिहिलेले असे, की तो पाव भाजण्यासाठी आहे. इतका पाव कोण खात होते, हे कुणी विचारले नाही. दारूबंदी उठली तेव्हा घरी द्राक्षाची वाइन करण्यास मुभा मिळाली, बिअरला मिळाली नाही. १९७८ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून एका घराला वर्षाकाठी १०० गॅलन, दोन प्रौढ असतील तर २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. तरी प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्ये २०१३ साली वळली. आज अमेरिकेत लहान लहान बिअरशाळांचे जे पेव फुटले आहे, त्यांतल्या पुष्कळ मालकांनी पहिले धडे घरच्या पातेल्यातच गिरविले.

आता प्रत्यक्ष वेलीकडे वळू. हॉपचे मूळ बहुवर्षायू, पण वरची वेल दर हिवाळ्यात मरते आणि वसंतात जमिनीतून नवे कोंब येतात. कारल्या-दोडक्याला धरण्यासाठी तणावे असतात, तसे हिला नाहीत. खोडावरच्या कडक, आकडेदार केसांनी ती दोरीला धरून चढते, आणि चढताना नेहमी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, वळते. उलटी गुंडाळली तर ती स्वतःला सोडवून घेते. भर उन्हाळ्यात दिवसात वीतभर वाढते आणि एका हंगामात पंधरा-वीस फुटांवर जाते. पपईप्रमाणे हिच्यातही नर आणि मादी झाडे निराळी. बोंडे धरतात ती मादीलाच. जर्मनीतल्या मळेवाल्यांना नर वेल दिसली की ते उपटून टाकतात, कारण बी धरलेली बोंडे त्यांना नको असतात. घरी लावणारा म्हणूनच बी पेरीत नाही, मादी वेलीच्या मुळाचा तुकडा लावतो. पहिल्या वर्षी हाती फारसे लागत नाही. घाई असणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

बोंड पिकले हे ओळखण्याची रीत डोळ्यांपेक्षा हाताची आणि कानाची आहे. कच्चे बोंड ओलसर, मऊ लागते. पिकलेले कागदासारखे कुरकुरते, आणि उकलले तर पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी पूड दिसते. सगळे मोल त्या पुडीचे. ताज्या बोंडात पाचातले चार भाग पाणी असते, म्हणून पाच शेर ओल्याचे वाळून शेरभर होते. वाळविताना उष्णता साठ अंशांच्या वर गेली तर सुगंध उडतो. घरचे लोक पोटमाळ्यावर जाळी ताणून तिच्यावर पसरतात.

घरच्या हॉपची खरी अडचण निराळीच आहे. बाजारच्या पुडक्यावर कडू द्रव्य शेकडा किती ते छापलेले असते. घरच्या बोंडाचा कडूपणा कुणी मोजलेला नसतो. यंदाच्या पावसाने तो वाढला की घटला, हे कळण्यास मार्ग नाही. म्हणून अनुभवी माणसे एक तोड काढतात. हॉपमधले कडू द्रव्य पाण्यात सहज उतरत नाही. तासभर खळखळ उकळल्यावर त्याची रचना पालटते आणि मग ते उतरते. सुगंधी तेले मात्र त्या उकळीत उडून जातात. तेव्हा कडूपणासाठी मोजलेली, विकतची हॉप सुरुवातीला घालावयाची आणि घरची हॉप शेवटच्या पाच-दहा मिनिटांत, सुवासासाठी. काही हौशी लोक बोंडे वाळवीतच नाहीत. सकाळी तोडून दुपारी पातेल्यात घालतात. वाळलेल्याच्या पाचपट घालावी लागतात, आणि वर्षातून एकदाच मिळणारी ती ओल्या गवतासारख्या वासाची बिअर मित्रमंडळींत मोठ्या तोऱ्याने वाटली जाते. कडूपणाचा अंदाज चुकला तरी तक्रार कुणी करीत नाही. फुकटच्या पेल्याला नावे ठेवण्याची रीत तिकडेही नाही.

बाकीची कृती आपल्या गृहिणीला परकी वाटू नये. जवाला मोड आणून तो वाळवितात, म्हणजे नाचणीचे सत्त्व करताना आपण करतो तेच. पाच इंग्रजी गॅलन, म्हणजे सुमारे २३ लिटर बिअरला चार-पाच किलो माल्ट आणि ५०-६० ग्रॅम वाळलेली हॉप लागते. भरडलेला माल्ट ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर झाकून ठेवला, की धान्यातल्या पिष्टाची साखर होते. गाळलेला गोड काढा हॉप घालून तासभर उकळावयाचा, लगेच निववावयाचा आणि यीस्ट घालून आठ-पंधरा दिवस आंबू द्यावयाचा. बाटलीत भरताना चिमूटभर साखर, म्हणजे फेस येतो. साखर जास्त झाली किंवा आंबणे पुरते झाले नसले, तर बाटली मध्यरात्री फुटते. बाटली तपकिरी का, तर ऊन लागले की हॉपच्या कडू द्रव्यातून एक घाण वास सुटतो. बाकी सगळे यश भांडी उकळून स्वच्छ ठेवण्यात आहे. सोवळ्यातला स्वयंपाक केलेल्याला हे वेगळे सांगावयास नको.

हे वाचून कुणी इंदुरात गच्चीवर हॉपची वेल लावू पाहील, तर दोन गोष्टी आड येतात. पहिली सूर्याची. ही वेल मोठे दिवस असेतो नुसती वाढते आणि दिवस लहान होऊ लागले की फुलते. लंडनचा जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा. आपला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास. त्यामुळे येथे वेल अंगाने भरण्याआधीच फुलोऱ्यावर येते आणि बोंडे थोडी धरतात. ब्राझील व फ्लोरिडा येथे रात्री दिवे लावून ही अडचण दूर करण्याचे प्रयोग झाले आहेत. दुसरी गोष्ट कायद्याची. मध्यप्रदेशात १९१५ चा अबकारी कायदा चालतो आणि परवान्यावाचून घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. आदिवासी कुटुंबांना मात्र स्वतःपुरती मोहाची दारू काढण्याची मर्यादित मुभा आहे. चुलीचा जो हक्क इंग्रज गृहस्थाला १९६३ साली परत मिळाला, तो झाबुआच्या भिल्लाच्या घरी रीतिरिवाज म्हणून मान्य झालेला आहे.

भारतात हॉप येतच नाही असेही नाही. हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात, दहा हजार फुटांच्या आसपास उंचीवर, १९७० च्या दशकापासून तिची लागवड झाली. बटाटा व वाटाणा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी दोऱ्या ताणून ती चढवली आणि वाळलेला माल खाली मैदानातल्या बिअरच्या कारखान्यांकडे धाडला. त्याच खोऱ्यात घरोघरी जवाची छांग पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. ती करणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि छांगेत हॉप पडत नाही. ती चार दिवसांत पिऊन संपवावयाची असते.